उशिरा आलेला बरोबर आकडा काय कामाचा? रिअल-टाइम यंत्रणा, सोप्या भाषेत

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला. मध्य प्रदेशात धुवाधार पाऊस झाला, तिकडच्या संजय सरोवरातून पाणी सोडावं लागलं, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले गेले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. असा पूर ओसरला की लोक दोनच गोष्टी विचारतात. पाणी किती येणार हे कोणाला ठाऊक होतं? आणि ठाऊक होतं, तर आम्हाला केव्हा कळलं?

या दोन प्रश्नांभोवती इंजिनिअरिंगची एक अख्खी शाखा उभी आहे. तिला रिअल-टाइम संगणन आणि मापन यंत्रणा म्हणतात. नागपूर, अमरावती, शेगावच्या कॉलेजांत एम.टेक. किंवा पीएच.डी. करणारी कितीतरी मुलं याच विषयात काम करतात. घरी कोणी विचारलं की "सेन्सरचं काहीतरी आहे" एवढंच सांगून मोकळी होतात. पण या विषयाचा संबंध आपल्या वावरातल्या मोटरशी, कापसाच्या गाडीशी, पावसाळ्यात पडणाऱ्या विजेशी थेट आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

माझं म्हणणं आधीच सांगतो. कोणत्याही यंत्राने आकडा दाखवला की त्याला दोन गोष्टी विचारायच्या: हा आकडा उशिरात उशिरा किती वेळात मिळेल, आणि चुकला तर जास्तीत जास्त कितीने चुकेल? ज्या आकड्यासोबत ही दोन उत्तरं येत नाहीत, त्यावर कोणाचा जीव किंवा कोणाचा पैसा टांगू नये.

वेगाशी संबंध कमी, मुदतीशी जास्त

रिअल-टाइम म्हटलं की लोकांना वाटतं, अतिशय वेगवान काहीतरी असणार. तसं नाही. ज्या कामाला आधीच ठरलेली मुदत असते आणि ती मुदत हुकणं हाच बिघाड धरला जातो, ते काम रिअल-टाइम.

नदीचंच बघा. वरच्या धरणातून सुटलेल्या पाण्याला खालच्या गावात पोचायला कित्येक तास लागतात. माणसं आणि ढोरं उंचावर न्यायला गावाला समजा तीन तास हवेत. मग पाणी पोचण्याच्या तीन तास आधी निरोप आला पाहिजे, ही मुदत. पातळीचा आकडा दर पंधरा मिनिटांनी आला तरी चालेल. सेकंदा-सेकंदाला येण्याची काही गरज नाही. पण तो यायलाच हवा.

दुसऱ्या टोकाला चंद्रपूर किंवा कोराडीहून निघणारी उच्चदाबाची लाइन घ्या. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) ४०० केव्ही (म्हणजे चार लाख व्होल्टच्या) लाइनीवर शॉर्ट झालं तर तो भाग १०० मिलिसेकंदांच्या आत तुटला पाहिजे, असा आपल्याकडचा नियम आहे. पाच आवर्तनांत बिघाड ओळखायचा, तो खरा आहे की नुसता झटका आहे हे ठरवायचं आणि ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा मोठा स्विच, उघडायचा. तेच बरोबर उत्तर अर्ध्या सेकंदाने आलं, तर तोवर लगतची यंत्रणाही हादरलेली असते.

तासांची मुदत आणि मिलिसेकंदांची मुदत, दोन्ही रिअल-टाइमच. फरक आहे तो मुदत हुकल्यावर काय होतं यात. व्हिडिओ कॉल अडखळला तर चिडचिड होते, पुढे बोलणं चालू राहतं. ब्रेकर अडखळला तर ट्रान्सफॉर्मर जळतो.

या दोन्हींच्या मधलं एक उदाहरण तर तुमच्या विहिरीवरच्या पेटीत बसलेलं असतं: सिंगल फेज प्रिव्हेंटर. थ्री फेज मोटरचा एक फेज गेला की मोटर घरघरत राहते, उरलेल्या दोन फेजांतून जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. हा डबा तिन्ही फेज बघत असतो आणि एक गेला की मोटर बंद करतो. प्रश्न असा की किती वेळात? क्षणभराच्या झटक्यालाही लगेच बंद केली, तर रात्रपाळीच्या विजेवर ओलीत करणाऱ्या माणसाला अंधारात, साप-विंचवात पुन्हा पुन्हा विहिरीवर जावं लागतं. फार वाट पाहिली तर मोटर जाते. म्हणून तो डबा थोडा थांबून निर्णय घेतो. किती थांबायचं हे ज्याने ठरवलं, त्याने रिअल-टाइम मापनाचा खरा प्रश्न सोडवला. आणि ज्या डब्याने हा हिशेब चुकवला, तो शेतकरी वैतागून काढून टाकतात आणि मोटर डायरेक्ट करतात. खोट्या इशाऱ्यालाही किंमत असते. प्रयोगशाळेत ती दिसत नाही, वावरात दिसते.

मीटर पाणी मोजत नाही, भलतंच काही मोजतो

आता दुसरा प्रश्न, चुकला तर कितीने. यासाठी कापसाच्या खरेदी केंद्राइतकं चांगलं उदाहरण विदर्भात दुसरं नाही.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ च्या दरम्यान दर टक्क्यामागे एक टक्का कपात आणि १२ च्या वर सरकारी खरेदी नाही. म्हणजे ओलाव्याचा एक टक्का क्विंटलमागे ८१ रुपयांचा. वीस क्विंटलची गाडी असेल तर सोळाशे रुपयांवर जातो. आणि १२ च्या रेषेवर तर तो एक टक्का गाडी आत जाणार की परत फिरणार, हे ठरवतो.

ज्या मीटरच्या आकड्यावर हे सगळं ठरतं, तो कापसातलं पाणी मोजतच नाही. तो दोन टोकांच्या मधल्या कापसातून वीज किती अडते हे मोजतो. ओला कापूस वीज जास्त जाऊ देतो, कोरडा कमी. या अडथळ्यावरून मीटर पाण्याचा अंदाज बांधतो. आता तोच कापूस घट्ट दाबला तर अडथळा कमी होतो, सैल धरला तर वाढतो. ऊन असेल तर अडथळा बदलतो. गाडीच्या वरच्या थरातला कापूस उन्हाने वाळलेला असतो, आतला रात्रीच्या दवाने ओला. एकाच गाडीतून चार ठिकाणी मीटर खुपसला आणि चार आकडे आले, तर त्यात लबाडी असलीच पाहिजे असं नाही. लबाडी नाही असंही नाही. नुसत्या एका आकड्यावरून दोन्ही सिद्ध होत नाही, हीच तर अडचण आहे.

खरा ओलावा काढायची पद्धत जुनी आणि साधी आहे. कापूस तोला, १०५ अंशाच्या आसपास भट्टीत पूर्ण वाळवा, पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. हे उत्तर विश्वासाचं, पण त्याला तासन्‌तास लागतात आणि बाहेर गाड्यांची रांग असते. मीटर काही सेकंदांत सांगतो, पण अंदाजे. उशिरा मिळणारं अचूक आणि लगेच मिळणारं अंदाजे, यांच्यातली ही ओढाताण मापन यंत्रणांच्या संशोधनात सगळीकडे भेटते.

या अंदाजेपणालाही मोजता येतं. त्याला अनिश्चितता म्हणतात: दाखवलेल्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे खरा आकडा कुठवर असू शकतो. समजा मीटरची अनिश्चितता अर्धा टक्का आहे आणि त्याने १२.३ दाखवले. तर प्रामाणिक वाचन ‘११.८ ते १२.८ मध्ये कुठेतरी’ असं होईल. १२ ची रेषा या पट्ट्याच्या आतून जाते. म्हणजे हा मीटर अशा गाडीबद्दल हो किंवा नाही सांगायला पात्रच नाही. पुन्हा मोजायला हवं.

पुन्हा मोजल्याने किती फरक पडतो, याचंही गणित आहे. इकडे-तिकडे होणारी चूक चार वाचनांच्या सरासरीने निम्मी होते, सोळा वाचनांनी पाव. पण मीटर मुळातच एक टक्का जास्त दाखवत असेल, तर शंभरदा मोजूनही तो एक टक्का जास्तच दाखवणार. त्याला एकच उपाय: ज्याचा ओलावा भट्टीने काढून ठेवलाय अशा नमुन्याशी मीटर जुळवून घेणं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. तराजूवरचा शिक्का आणि त्याची तारीख बघायची सवय आपल्याला आहे. मीटर शेवटचा केव्हा जुळवला, हेही तितक्याच हक्काने विचारता आलं पाहिजे.

किती वेळा मोजायचं

आपल्याकडे पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला होते, मागच्या चोवीस तासांची. आकडा आला १०० मिलिमीटर. आता तो पाऊस दिवसभर झिमझिम पडला असेल, तर काळ्या मातीने बराचसा पिऊन घेतला. तोच एका तासात कोसळला असेल, तर ती ढगफुटी. बांध फुटले, पऱ्हाटी आडवी झाली, नाल्याने वाट बदलली. आकडा मात्र तोच. मोजणं बरोबर होतं, पण पुरेसं वारंवार नव्हतं.

ठराविक अंतराने मोजत जाण्याला सॅम्पलिंग म्हणतात. त्याचा मूळ नियम असा की एखादी गोष्ट जितक्या वेगाने बदलू शकते, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा ती मोजावी लागते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये या विचाराचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो पक्क्या गणितात मांडला. नियम मोडला तर माहिती नुसती हुकत नाही, खोटी माहिती हाती येते, आणि ते जास्त धोक्याचं. सेकंदाला ५० आवर्तनं करणारी वीज सेकंदाला बरोबर ५० वेळा मोजून बघा. प्रत्येक वेळी लाटेच्या एकाच बिंदूवर हात पडेल आणि कायम एकच स्थिर आकडा दिसेल. बघणाऱ्याला वाटेल, इथे लाटच नाही.

मग सगळंच सेकंदाला हजार वेळा का मोजू नये? कारण प्रत्येक मोजणीला बॅटरी लागते, साठवायला जागा लागते, पाठवायला नेटवर्क लागतं. मेळघाटातल्या नाल्यावर सोलर पॅनेलवर चालणाऱ्या यंत्राला हे परवडत नाही. पाणी शांत असताना तासाला एकदा आणि चढू लागलं की दर मिनिटाला, असं स्वतःची गती बदलणारं यंत्र करता येतं. ते विश्वासाने करणं हा एम.टेक.च्या प्रबंधाला पुरेसा विषय आहे.

एक सालदार आणि चार कामं

यंत्राच्या आत बहुतेकदा एकच छोटा प्रोसेसर असतो आणि त्याच्यामागे अनेक कामं. सेन्सर वाचायचा, हिशेब करायचा, आकडा पडद्यावर दाखवायचा, निरोप पाठवायचा. कोणतं आधी?

घरी एक सालदार आहे असं धरा. ढोरांना पाणी दिवसातून तीनदा पाजायचं, गोठा रोज झाडायचा, संत्र्याला पाणी दोन दिवसांआड द्यायचं, आठवड्यातून एकदा बाजारातून सरकी-ढेप आणायची. त्याला एकच नियम सांगून ठेवायचा असेल, तर तो असा: जे काम सगळ्यात लवकर लवकर येतं, त्याला पहिला मान. संत्र्याचं पाणी चालू असताना ढोरांची वेळ झाली तर पाणी तसंच सोडून जायचं, ढोरांना पाजून परत यायचं. बाजार पैशाने मोठं काम असेल, पण त्याला आठवड्याची सवड आहे.

सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्ये नेमका हाच नियम संगणकासाठी सिद्ध केला. ठराविक काळाने पुन्हा पुन्हा येणारी कामं कितीही असोत, ती सगळी मिळून प्रोसेसरचा सुमारे ६९ टक्क्यांपर्यंतच वेळ घेत असतील, तर या नियमाने एकही मुदत हुकणार नाही. बहुधा हुकणार नाही असं नव्हे, हुकणारच नाही. त्याच्या वर गेलात तर जमेलही, पण प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागेल. उरलेला ३१ टक्के वेळ रिकामा दिसतो, पण तीच हमीची किंमत आहे.

खरा गुंता कामं एकमेकांच्या वाटेत येतात तेव्हा होतो. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि नंतर आपोआप पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं. कारण सापडलं ते असं. हवामानाची नोंद करणारं एक कमी महत्त्वाचं काम सामाईक साधन अडवून बसलेलं असायचं. सगळ्यात महत्त्वाचं काम त्याच साधनासाठी खोळंबायचं. तेवढ्यात मधल्या महत्त्वाची कामं येऊन त्या लहान कामाला बाजूला सारायची, त्यामुळे ते साधन सुटायचंच नाही. वरचं काम मुदतीत झालं नाही हे पाहून पहारा देणारा टायमर सगळंच नव्याने सुरू करायचा. यानासारखीच यंत्रणा पृथ्वीवर चालवून इंजिनिअरांनी हा दोष शोधला आणि इथूनच दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती अशी की अडवून बसलेल्या लहान कामाला तेवढ्यापुरता, खोळंबलेल्या मोठ्या कामाचा मान द्यायचा, म्हणजे ते पटकन आटोपून वाट मोकळी करतं.

हा उपाय काही तेव्हा नव्याने सुचलेला नव्हता. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्येच तो गणितासह शोधनिबंधात मांडला होता. कागदावरच्या संशोधनाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

घड्याळच चुकलं तर

२५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राचा माग ठेवू शकली नाही आणि २८ सैनिक ठार झाले. चूक वेळेच्या मोजणीत होती. यंत्र सेकंदाचे दहा भाग मोजायचं, पण एक दशांश ही संख्या संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत कधीच पूर्ण लिहिता येत नाही, शेपूट तोडावं लागतं. ते तुटलेलं शेपूट अगदी नगण्य होतं. पण यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू राहिली आणि चूक साठत साठत ०.३४ सेकंदांवर गेली. सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त अंतर कापणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी एवढा वेळ म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून मोठी चूक. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे दुसऱ्या दिवशी पोचलं.

आपल्या जवळचं उदाहरण विजेचं, म्हणजे आभाळातल्या विजेचं. डवरणी-निंदणीच्या दिवसांत विदर्भात वीज पडून माणसं आणि ढोरं जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे अॅप केलं आहे. तुमच्या २० आणि ४० किलोमीटरच्या आत विजा होत असतील तर ते इशारा देतं. वीज कुठे पडली हे त्याला कसं कळतं? वीज चमकली की रेडिओ लहरी चहूकडे पसरतात. दूरदूर बसवलेल्या सेन्सरांपर्यंत त्या वेगवेगळ्या क्षणी पोचतात आणि या वेळांच्या फरकावरून जागा काढली जाते. या लहरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातात. म्हणजे दोन सेन्सरांच्या घड्याळांत तेवढाच फरक पडला तरी जागा शेकडो मीटरनी सरकू शकते. म्हणून ही घड्याळं उपग्रहाच्या वेळेला बांधून ठेवावी लागतात.

साध्या यंत्रातलं स्वस्त क्रिस्टल घड्याळ दहा लाखात वीस भाग इकडे-तिकडे होतं, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. तापमान बदललं की ते आणखी सरकतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या ४६ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या पेटीच्या आत काय तापमान होत असेल, याचा विचार थंड प्रयोगशाळेत बसून केलेल्या चाचणीत येत नाही. आमच्या भागातल्या प्रबंधांत ही पेटीतली चाचणी सक्तीची असावी, असं मला मनापासून वाटतं.

‘मग भारी प्रोसेसर घ्या की!’

हा आक्षेप हमखास येतो. वेगवान प्रोसेसरने सरासरी सुधारते, पण आपल्याला सरासरी नकोच आहे. हजारदा दोन मिलिसेकंदांत उत्तर आलं आणि एकदाच दोनशे मिलिसेकंदांत, तर सरासरी उत्तम दिसते आणि ट्रान्सफॉर्मर त्या एका वेळी जळतो. मोठे संगणक मधेच दुसरी कामं घेतात, हाताशी नसलेली माहिती दुरून आणतात, त्यामुळे त्यांची वेळ पुढे-मागे होते. या पुढे-मागे होण्याला जिटर म्हणतात. कुठे मुदत पाळायची असेल, तर भारी लॅपटॉपपेक्षा काही शे रुपयांचा, एकच काम निष्ठेने करणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, जास्त भरवशाचा ठरतो. लिनक्ससारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संगणक प्रणालीत ही शिस्त आणायला वीसेक वर्षं काम चाललं, तेव्हा कुठे २०२४ मध्ये ते तिच्या मूळ आवृत्तीत पूर्णपणे सामावलं.

‘मोबाइलवर लाइव्ह दिसतं, मग अजून काय हवं?’

पडद्यावर ‘लाइव्ह’ लिहिलेलं असलं तरी त्यामागे साखळी आहे: सेन्सर, टॉवर, सर्व्हर, पुन्हा टॉवर, मग तुमचा फोन. यातली एकही कडी मुदतीची हमी देत नाही. पुरात तर आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते आणि नेमकं हवं तेव्हा फोन मुका होतो. गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून जीवाचा प्रश्न असेल तिथे निर्णय जागेवरच व्हावा. वरच्या गावातल्या पुलावर पातळी मोजणारं यंत्र, आणि खालच्या गावात मोबाइल नेटवर्कविना थेट रेडिओने वाजणारा भोंगा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेत लायसन्सशिवाय असा निरोप पाठवता येतो, आणि कमी बॅटरीत तो कित्येक किलोमीटर जातो. अॅप असू द्या, पण भोंगा आधी. स्मार्ट मीटरबद्दलही हेच लक्षात ठेवा: मीटरच्या आत वीज सतत मोजली जाते, पण बाहेर नोंद पंधरा किंवा तीस मिनिटांच्या टप्प्यांनी जाते. बिलासाठी तेवढं पुरतं, पण मोटर वाचवायला त्याचा उपयोग नाही.

‘आता एआय आलंय, तेच बघेल’

काही ठिकाणी बघेलही. पुराचा अंदाज, पिकावरच्या किडीचा फोटो ओळखणं, यात ते उपयोगी पडतं. पण ते शिकतं जुन्या आकड्यांवर. सेन्सर एक टक्का जास्त दाखवत असेल, तर एआय तोच एक टक्का इमानदारीने शिकतं. आणि कधीच न पाहिलेला पूर आला की ते काय सांगेल याची हमी द्यायची पद्धत अजून संशोधनातच आहे. मोजणं कच्चं असेल, तर त्यावर उभं राहिलेलं सगळंच कच्चं.

मग पोरगं दोन वर्षं करतं काय?

यंत्र जोडून चालू करायला फार दिवस लागत नाहीत. सेन्सर बाजारात मिळतो, प्रोग्राम इंटरनेटवर मिळतो. वेळ जातो तो पुढच्या कामात. लाखो वेळा उत्तर मागायचं, प्रत्येक वेळी किती वेळ लागला ते ऑसिलोस्कोपवर (विजेचे बदल वेळेनुसार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघायचं, त्यातलं सगळ्यात वाईट उत्तर का आलं ते शोधायचं. आणि चाचणीत दिसलेल्या वाईटाहून वाईट काही घडूच शकत नाही, हे गणिताने दाखवायचं. वीज मधेच घालवायची, पेटी तापवायची, वायर सैल करायची. गेलेला आकडा ‘गेला’ असाच कळतो की जुनाच आकडा नवा म्हणून दिसत राहतो, हे तपासायचं. हा शेवटचा दोष मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तारीख नसलेला शिळा आकडा ताज्यासारखाच दिसतो.

आमच्याकडे या विषयाला स्वतःचे प्रश्न आहेत, बाहेरून आणायची गरज नाही. ठिबकसाठी मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर घ्या. ते मातीचा विजेशी संबंधित गुणधर्म मोजतात आणि कारखान्यात बहुधा दुसऱ्याच मातीवर जुळवलेले असतात. आपली काळी कसदार माती चिकणमातीने भरलेली, पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हातभर भेगा पडतात. भेग सेन्सरला लागून गेली की त्याच्याभोवती हवा शिरते, हवेत पाणी नसतं, आणि सेन्सर सांगतो की जमीन कोरडी ठणठणीत आहे. मुळाशी ओल असतानाही पंप चालू होतो. बरं, पुन्हा पाऊस पडून भेग मिटली की तोच सेन्सर परत बरा वागू लागतो, त्यामुळे दोष कळतही नाही.

याचं उत्तर एकट्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याकडे नाही आणि एकट्या मृदशास्त्रज्ञाकडेही नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला ही माती पाठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेजांना सेन्सर पाठ आहे. एका वावरात सहा-आठ सेन्सर वेगवेगळ्या खोलीवर पुरायचे, शेजारची माती दर आठवड्याला काढून, भट्टीत वाळवून खरा ओलावा काढायचा आणि मृगापासून रब्बी निघेपर्यंत दोन्ही आकडे जुळवत जायचं. कोणत्या खोलीवर भेग त्रास देत नाही, किती सेन्सर एकमेकांशी फटकून वागले की आकडा टाकून द्यायचा, आणि असा निर्णय यंत्राने पंप सुरू करण्याआधी किती वेळात घ्यायचा, हे सगळं त्यातून निघेल. त्यासाठी वावर, एक भट्टी, एक तराजू आणि दोन हंगामांची चिकाटी लागेल, आणि ती चारही विदर्भातल्या कोणत्याही तालुक्यात मिळतात.